हिरव्या फुल्या

सतराव्या वर्षी माझ्याकडे कपड्यांबद्दल जेवढी मतं होती, तेवढे कपडे नव्हते. बाही कोपराच्या वर संपली पाहिजे, कोपरावर संपली तर हात बुटका दिसतो. गळा खोल हवा असेल तर पाठीमागे, पुढे नव्हे. काठ बाहीला लावायचा, पोटाला लावून फुकट घालवायचा नाही. ही मतं मी कुणी विचारो न विचारो, ऐकवत असे. अंगावर मात्र आईने शिंप्याकडून शिवून आणलेलं, चार बोटं मोठं, काखेत झोळ पडलेलं पोलकं असायचं. "वाढतं अंग आहे," हे आईचं ठरलेलं उत्तर. माझं अंग पंधराव्या वर्षीच वाढायचं थांबलं होतं. आईच्या लेखी मात्र ते माझ्या लग्नापर्यंत वाढणार होतं.

त्यात त्या वर्षी वर्गात नव्या मुली आल्या. प्रांत नव्याने जोडले होते. कालपरवापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आता ती भोपाळ झाली, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडचे साहेब बदली होऊन बऱ्हाणपुरात येऊ लागले. बाबा मराठी शाळेत मास्तर. ते नागपूरचं वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नीट घडी घालत आणि म्हणत, "हे आता परप्रांताचं." मला त्या वर्तमानपत्राचं काही सोयरसुतक नव्हतं. माझं लक्ष साहेबांच्या मुलींच्या फुग्याच्या बाह्यांवर. त्या मुली माझ्या पोलक्याकडे एकदा बघायच्या आणि मग मुद्दाम बघायच्या नाहीत. ते न बघणं मला जास्त झोंबायचं.

ही सगळी मतं माझ्याच डोक्यातून निघाली, असं मी छातीठोकपणे सांगत असे. तो खोटेपणा होता. सगळं मला ताईने शिकवलं होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. डावखुरी. स्वयंपाकघरात त्यावरून तिला रोज बोलणी बसत, पण मशीनवर बसली की तिचा हात अडवायची कुणाची टाप नव्हती. जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने रेघा ओढून ती पोलक्याचा कागद कापायची आणि तो माझ्या अंगाला टाचण्यांनी लावून बघायची. "हलू नको गं, नाहीतर तुझाच कान कापीन," म्हणायची. अठराव्या वर्षी, वैशाखात, ती लग्न होऊन शाहपूरला गेली. केळीच्या बागा असलेलं घर. पुढच्या संक्रांतीनंतर तिला ताप आला आणि रथसप्तमीच्या आत ती गेली. आईला निरोप मिळाला तो शेवटच्या दिवशी.

तिचे काही कपडे तापीच्या पाण्यात गेले, काही सासरच्यांनी वाटून टाकले. आमच्या घरी तिचं म्हणून राहिलं ते मशीन. आईने त्यावर झाकण घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली देवांच्या फळीमागे टांगली. आणि राहिला एक खण. मरण्याआधीच्या संक्रांतीला ताईने तो आईसाठी पाठवला होता. आणला होता शेजारच्या मावशीने. मावशीचं माहेर शाहपूरचं, त्या वर्षी ती संक्रांतीला तिकडे जाऊन आली होती. आईने तो मोतिया रंगाचा खण शिवला नाही, कुणाला दिला नाही. कापडी पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवला. कुणी बाई घरी येऊन ताईबद्दल हळहळली की आई एकच वाक्य बोलायची. "सुखात होती ती. मला ठाऊक आहे."

इतक्या ठामपणे बोलायची की समोरची गप्प व्हायची. आई रडली नाही, अन्न सोडलं नाही, देवावर चिडली नाही. त्या एका वाक्यावर तिची चार वर्षं निघाली होती. ते वाक्य तिला कुठून मिळालं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता खणांबद्दल थोडं सांगायला हवं. ओटीत आलेला खण सहसा कुणी शिवत नाही. हळदीकुंकवाला तुम्हाला मिळतो, तुम्ही तो पेटीत टाकता आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत घालता. ती तिसरीच्या. असे खण वर्षानुवर्षं गावभर हिंडतात. एकाच घडीत राहून त्यांचे घडीवरचे रंग उडतात. मी आईला चिडवायचे की बायकांपेक्षा खणांचीच माहेर-सासरची ये-जा जास्त. आई हसायची नाही. खणाची चेष्टा तिला खपत नसे.

त्या वर्षीची रथसप्तमी झाली. पेटीत खणांचा नवा ढीग जमला होता. मी सात दिवस आईच्या मागे भुणभुण लावली तेव्हा ती म्हणाली, "घे यातला एक. पण शिंप्याकडे दे. अन् पिशवीतल्याला हात लावू नको."

मी ढिगातून डाळिंबी रंगाचा खण उचलला. बारीक जरीचा काठ, आणि घड्यांवर रंग उडून आडव्या-उभ्या फिकट रेघा पडलेल्या. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून ठेवून दिला असता. मला त्या रेघाच आवडल्या. बाहीवर बरोबर बसवल्या तर साहेबांच्या मुलींनाही असलं कापड कुठल्या दुकानात मिळायचं नाही. मग मला कोपऱ्यातला टाका दिसला. काठाच्या जरा वर, तिळाएवढी हिरव्या दोऱ्याची फुली आणि तिच्याखाली एक गाठ. डाळिंबीवर हिरवा. हा रंग जुळवणारीला डोळा आहे, असं मी मनात म्हटलं. कुणाकडून हा खण आला, असं मी आईला सहज विचारलं. तिला आठवेना. ती आठवून आठवून दमली. आलेल्या प्रत्येक बाईचा खण तिला रंगासकट सांगता आला, फक्त हा नाही.

शिंप्याकडे द्यायचा माझा मुळीच विचार नव्हता. आई दुपारी झोपायची. आमच्या घरामागे विणकरांची वस्ती, तिथे दिवसभर माग चालत. त्या खडखडाटात मशीनचा आवाज कुणाला ऐकू येणार? मी देवांच्या फळीमागून किल्ली काढली.

झाकण उचललं तेव्हा मशीनला तेलाचा वास येत होता. चार वर्षं बंद असलेल्या मशीनला गंजाचा वास यायला हवा होता. खणात, म्हणजे मशीनच्या खणात, टाचण्या होत्या, खडू होता, अर्धं संपलेलं हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं आणि नागपूरच्या वर्तमानपत्राचा कापलेला कागद होता. ताईच्या पोलक्याचा. अर्धं रीळ ती जाताना दुसऱ्या रिकाम्या रिळावर गुंडाळून घेऊन गेली होती, ते मला आठवलं. मीच तिला रीळ धरून दिलं होतं.

कागद मी अंगाला लावला. कुठे दोन बोटं घ्यावं लागेल, कुठे सोडावं लागेल, या तयारीने मी हातात खडू धरला होता. काही करावं लागलं नाही. खांद्याला खांदा, काखेला काख. मी तिच्या वयाची झाले होते एवढंच, असं मी स्वतःला बजावलं. तरी तो कागद अंगावरून काढताना मला वाटलं की मी न हलता उभी होते. लहानपणी उभी राहायचे तशी.

फुली शिलाईत दबू नये म्हणून मी कागद चार वेळा फिरवला आणि ती डाव्या बाहीच्या कडेला येईल असं कापलं. बाह्या फुग्याच्या, पाठीला खोल गळा. तीन दुपारींत पोलकं उभं राहिलं. मग मला ती एकटी फुली बोडकी दिसायला लागली. हौसेला मोल नाही म्हणतात. मी ठरवलं, दोन्ही बाह्यांच्या काठावर तशाच फुल्या भरायच्या. तोच हिरवा दोरा, तशीच गाठ.

हातशिलाईचं काम मी शुक्रवारसाठी ठेवलं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला सगळे माग एकदम थांबतात. ज्याने ते ऐकलेलं नाही त्याला ती शांतता सांगता येणार नाही. आठवडाभर कानाला आवाजाची सवय झालेली असते, आणि एका क्षणात घरातली भांडीसुद्धा श्वास धरून बसल्यासारखी होतात. अशा वेळी मशीन चालवणं म्हणजे आईला हाक मारून उठवणं. म्हणून मी खिडकीशी बसून सुईने फुल्या घालत होते.

कापडातून दोरा ओढला की बारीक सर्र असा आवाज होतो. माझा सर्र झाला. मग आणखी एक झाला.

मी हात थांबवला. तोही थांबला. आत डोकावून पाहिलं, आई कुशीवर झोपलेली, हात डोक्याखाली. मी परत बसले, सुई खुपसली, दोरा ओढला. सर्र. आणि माझ्या डाव्या बाजूने, जरा मागून, पुन्हा सर्र. घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मी दात-ओठ खाऊन भराभर टाके घालत सुटले. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा एकवीस फुल्या झाल्या होत्या. इतक्या मी एवढ्या वेळात कशा घातल्या, याचा मला आनंदच झाला.

शाळेत ते पोलकं गाजलं. आईला दिसू नये म्हणून मी घरातून दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन निघायचे आणि कोपरा वळल्यावर सोडायचे. साहेबांची मोठी मुलगी तिसऱ्या दिवशी जवळ आली, बाहीला बोट लावून म्हणाली, "ये कहां से सीखा? हमें भी सिखा दो ना." मला आभाळ ठेंगणं झालं. मधल्या सुट्टीत मी सहा मुलींना फुली आणि गाठ शिकवली. आठवड्याभरात वर्गातल्या निम्म्या बाह्यांवर हिरव्या फुल्या आल्या. सकाळची शाळा सुटली की आम्ही रांगेने बाहेर पडायचो. एक दिवस मी मागे राहिले आणि पुढे चाललेल्या सगळ्या पाठी पाहिल्या. उन्हात प्रत्येक बाहीवर तेच. कौतुकाने पाहत होते, आणि एकदम मला ते बघवेना. का, ते कळेना. सगळ्या मिळून कुणाला तरी काहीतरी सांगताहेत आणि ज्याला सांगताहेत तो ऐकत नाही, असं काहीसं वाटलं.

त्याच दिवशी नळावर थांबले होते. मागून एक बाई आली. आमच्या गल्लीत पाहुणी आलेली, शाहपूरकडची. माझ्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाली, "कधी आली वो माहेरले? सांगितलं बी नाही."

मी वळले. तिने माझा चेहरा पाहिला, मग बाही पाहिली, तोंडावर हात ठेवला आणि कळशी न भरताच निघून गेली. मी घरी येऊन पदर न गुंडाळता तशीच आरशासमोर उभी राहिले. तो शुक्रवार होता. मला भान राहिलं नाही. माग थांबले आणि त्या शांततेत आई जागी होऊन बाहेर आली.

ती दारातच थांबली. आरशात मला तिचा चेहरा दिसला. मी मशीनच्या चोरीबद्दल शिव्या खायच्या तयारीत होते. ती जवळ आली, माझी बाही धरली आणि एकेक फुली बोटाने चाचपत गेली.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. खणावर एक होतीच. मला आवडली, म्हणून मी बाकीच्या काढल्या."

"कोणत्या खणावर?"

"याच. ढिगातला. तूच दिलास ना."

"होती ती कोणती?"

मी डाव्या बाहीकडे बोट नेलं आणि थांबले. मला सांगता येईना. सगळ्या एकसारख्या होत्या. आईने मला पोलकं काढायला लावलं आणि ते उजेडात नेलं. उजव्या हाताने फुली घातली की वरचा टाका एका अंगाला झुकतो, डाव्या हाताने घातली की दुसऱ्या. ताईचे टाके आईने चाळीस पोलक्यांवर पाहिले होते. ती शोधत गेली. एक सापडली. "ही," म्हणाली. मग पुढे गेली आणि पुन्हा थांबली. "ही पण." मग उजव्या बाहीवर आणखी दोन.

"मी उजव्याच हाताने घातल्या गं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाही फिरवून धरली की टाका उलट्या अंगाला पडतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. मी बाही फिरवली होती का, ते मात्र आठवत नाही.

आईने पेटीच्या तळातून पिशवी काढली. मोतिया खण उलगडला. चारही कोपरे पाहिले, जसे तिने चार वर्षांत शंभरदा पाहिले असतील. कोरे. मग तिने मावशीला हाक मारली.

मावशी पदराला हात पुसत आली. आईने दोन्ही तिच्यापुढे धरले, एका हातात खण, एका हातात माझं पोलकं. "माझ्या पोरीनं तुमच्याजवळ कोणता दिला होता?"

मावशी आधी हसली. मग पोलक्याकडे बघत राहिली. "डाळिंबी," ती म्हणाली. "डाळिंबीच वो. माझ्या ओटीत त्या दिवशी नऊ-दहा खण आले होते. सगळे एकाच गठुड्यात बांधले अन् मोटारीत बसली. इथं आल्यावर वाटलं, खण खणच असतो. जो हाती लागला तो दिला तुम्हाले. त्यात काय एवढं..." आईच्या चेहऱ्याकडे बघून तिचं वाक्य तिथेच राहिलं.

मग आईने सांगितलं. माझ्याशी बोलत होती की मावशीशी, कळत नव्हतं. सासरहून ताई पत्र लिहायची ते सगळं घर वाचायचं. म्हणून ताईला निरोप देताना आईने तिच्या कानात सांगितलं होतं, खण पाठव. नुसता पाठवलास तर मी समजेन, बरं चाललंय. न्यायला यावं असं वाटलं तर कोपऱ्यात हिरवी फुली घाल, मी त्याच पावली येईन. त्या संक्रांतीला खण आला. आईने चारही कोपरे पाहिले, देवापुढे साखर ठेवली आणि आपलं हळदीकुंकू केलं. बावीस बायका आल्या होत्या. ताई त्या वेळी तिकडे होती, जिवंत होती, आणि मोटार रोज जात होती.

मावशी भिंतीला टेकून रडायला लागली. आई रडली नाही. "सुखात होती ती" हे वाक्यही त्या दिवसानंतर तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मला माझाच राग आला. एवढा ढीग होता. मी हिरवा उचलला असता, निळा उचलला असता, तर तो खण पुढच्या चैत्रात दुसऱ्याच कुणाच्या ओटीत गेला असता आणि आईला तिचं वाक्य पुरलं असतं. आणि मी काय केलं? ताईची हाक घेतली आणि तिची नक्षी केली. वर ती गावभर वाटली. मी कात्री आणून म्हटलं, "उसवून टाकते सगळं." आईने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "हात लावू नको," म्हणाली.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लाडूंचा डबा भरला, हळदीकुंकवाची पुडी घेतली, लेकीला आणायला मुराळी म्हणून जाणारा माणूस तिच्या सासरी नेतो तेवढं सगळं घेतलं, आणि मला म्हणाली, "तयार हो. शाहपूरला जायचंय. ते पोलकं घाल."

बाबा दारात उभे राहिले. "अहो, आता जाऊन काय?" आईला ते अहोच म्हणायचे, चिडले किंवा घाबरले की. "कुणाला आणणार आहात?"

"खूण आली," आई म्हणाली. "खूण आली की जायचं असतं."

मोटार केळीच्या बागांमधून गेली. आई पूर्ण वाट ताठ बसून होती. घर तिला दुरून ओळखता आलं, मला नाही. दारात एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन उभी होती, ताईच्या जागी आलेली. आत ताईच्या सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि म्हणाली, "लेकीला न्यायला आले."

मला वाटलं, त्या हसतील किंवा भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाह्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उशीर केला, विहीणबाई. मोटारीच्या टायमाले रोज दारात येऊन बसे ती. आमाले वाटे, हवेले बसते."

ती तरुण बाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मुलाची गोधडी होती. तिने ती आमच्यासमोर उलगडली. जुनी, धुवून धुवून मऊ झालेली. तिच्या चारही कडांना हिरव्या फुल्या होत्या. फुली, खाली गाठ. फुली, खाली गाठ. सगळ्या डाव्या हाताच्या. तीन कडा पूर्ण भरल्या होत्या, चौथ्या कडेला मध्येच थांबल्या होत्या. तिथे दोरा संपला होता. ते अर्धं रीळ.

"नक्षी समजलो आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "छान आहे म्हटलं मी तिले."

मी त्यांना काय बोलणार? मीही तेच समजले होते.

आई त्या गोधडीवरून हात फिरवत उभी राहिली. तेव्हा ती रडली, उंबऱ्याबाहेर उभी राहून, चार वर्षांचं. सासूबाई उठून आल्या. त्यांनी आईला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, लेक माहेरी निघताना घालतात तसा, आणि गोधडीची घडी करून वर ठेवली. "न्या," म्हणाल्या. "पोराले दुसरी शिवीन." ती तरुण बाई आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिने माझ्या बाहीला एकदाही हात लावला नाही. मूल मात्र सारखं फुल्यांकडे हात करत होतं, आणि ती त्याचा हात मागे घेत होती.

ताईने का बोलावलं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कदाचित ताप आधीपासून असेल. कदाचित नुसती आठवण येत असेल. ते पोलकं मी पुन्हा घातलं नाही, आणि त्यानंतर आयुष्यात जे काही शिवलं, त्यावर उगाच एकही टाका घातला नाही. कुणाच्या अंगावर सुंदर नक्षी दिसली की लोक छान म्हणतात. मी आधी विचारते, कुणी घातली आणि का घातली.

परतीच्या मोटारीत पाठीमागचं बाक रिकामं होतं. आई खिडकीशी बसली, मी कडेला. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिने मध्ये जागा ठेवली आहे आणि गोधडीचा पदर त्या जागेवर सोडला आहे. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. केळीची टोपली घेतलेली एक बाई वाकून म्हणाली, "सरका ना बाई जरा, मधी जागा हाये."

"जागा नाही," आई म्हणाली. "लेक आहे सोबत."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी कडेला आणखी सरकले आणि त्या जागेला नीट बसता येईल एवढी जागा केली.